आंब्यावरची सीतेची वेणी : ठेवायची की बांडगूळ म्हणून काढायची?

खळ्यातला
राजापूरकडे आमचं जुनं घर आहे. मागे आंब्याची झाडं, थोडी रायवळ आणि बाकी हापूसची कलमं. आम्ही सगळे मुंबईत, त्यामुळे बाग गावातलेच एक काका बघतात. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं चालू आहेत. परवा त्यांचा फोन आला : "यंदा रायवळावर चढून सगळं बांडगूळ उतरवतो, ती जाड पट्ट्यांची पानंसुद्धा."

बांडगूळ काढायला माझी ना नाही, पण ती पट्ट्यांची पानं म्हणजे सीतेची वेणी. आई तरी तिला तसंच म्हणते. पाऊस सुरू होता होता तिला पांढरे-जांभळट तुरे येतात आणि फांदीखाली वीतभर, कधी हातभर लोंबतात. काकांचं म्हणणं असं की ती झाडाचा रस पिते, म्हणून त्या खांदीला मोहर कमी येतो.

जाणकारांनी सांगावं. खरंच रस पिते का? आणि पीत नसेल तर काकांना कसं पटवायचं? ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत आणि झाडावर ते चढतात, मी नाही.

साळुंकी
काढू नका!!! आधी फोन करून थांबवा, मग धागा वाचा.

चिंचपोकळीचा_चतुर
रस पीत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आयुष्य काढते आणि वर्षातून एकदा नटूनथटून मिरवते. आमच्या मेव्हण्याची जात दिसते. (हलकेच घ्या. तो हा धागा वाचतो.)

सडा_पठार
फोटो नाही, पण वर्णनावरून ही ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा असणार. आपल्याकडच्या आमऱ्यांमधली (आमरी म्हणजे ऑर्किड) सगळ्यात देखणी म्हटलं तरी चालेल. आधी प्रश्नाचं उत्तर देतो.

रस पीत नाही. बांडगुळाचं मूळ आंब्याच्या सालीतून आत शिरतं, लाकडातल्या पाण्याच्या नळ्यांना जोडलं जातं आणि तिथून पाणी आणि क्षार ओढतं. म्हणून बांडगूळ जिथे बसतं तिथे खांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढची खांदी हळूहळू वाळत जाते. आमरीचं तसं नाही. तिची मुळं सालीला वरून चिकटतात, आत शिरत नाहीत. काकांना पटवायची सोपी युक्ती म्हणजे दोन्हीची मुळं दाखवायची. आमरीचं जाड मूळ नखाने अलगद सुटतं आणि खाली साल शाबूत असते. बांडगूळ असं सुटत नाही, ते कोयत्याने तोडावं लागतं आणि तोडलं तरी गाठ आतच राहते.

मग ही जगते कशावर? मुळांवर. ती कनिष्ठिकेएवढी जाड, राखाडी-पांढरी आणि बरीचशी हवेत लोंबणारी असतात. त्यांच्यावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हे आवरण पाणी शोषून घेतं. त्या पाण्यात सालीवरून वाहत आलेली धूळ, कुजलेला पाचोळा, पक्ष्यांची विष्ठा असं सगळं विरघळलेलं असतं. तेच तिचं जेवण. ओलं झालं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. या मुळांत हरितद्रव्य असतं, म्हणजे मुळंसुद्धा थोडंफार अन्न तयार करतात.

उन्हाळ्यात चार-सहा महिने पाण्याचा थेंब नसताना ती तग धरते, त्याचं श्रेय पानांनाही आहे. अशा जाड पानांच्या बऱ्याच आमऱ्या दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. निवडुंग हेच करतो.

ओळख पटवायची असेल तर या खुणा बघा. खोड आखूड आणि एकच, एका टोकाने वर वाढत जाणारं. पानं दोन रांगांत, पन्हाळीसारखी खोलगट, जाड, टोकाला कुरतडल्यासारखी. 'रेटुसा' हे नाव या टोकावरूनच आलं. तुरा लांबट गोल, गच्च भरलेला. एका तुऱ्यात शंभरावर फुलं असू शकतात. फूल जेमतेम दोन सेंटीमीटर, पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, आणि ओठ म्हणजे पुढची पाकळी गडद रंगाची, बुडाशी पिशवीसारखी.

गोट्या७९
बाप रे, मुळं अन्न तयार करतात? शाळेत तर मुळं पाणी पितात आणि पानं स्वयंपाक करतात असं शिकवलं होतं.

सडा_पठार
शाळेतल्या बाईंचं बरोबरच होतं, त्यांच्या वर्गात आमरी नव्हती एवढंच. तैवानकडे टीनिओफायलम नावाची आमरी आहे, तिला पानंच नाहीत. मुळंच सगळं करतात.

काजू_बोंडू
इथे सगळे फुलं बघून बोलतायत, मी आंबा बघून बोलतो. माझी स्वतःची बाग आहे, त्यामुळे राग मानू नका.

आमरी रस पीत नाही हे मान्य. पण जुन्या रायवळावर तिचे बुंधेच्या बुंधे होतात. त्या मुळांच्या जाळ्यात पाचोळा साठतो, त्यावर शेवाळ आणि नेचे येतात, पावसाळाभर ओल धरून राहते आणि मुंग्या घर करतात. पुढे एक दिवस वादळात ती खांदी ओझ्याने मोडते आणि खाली कौलं असतात. बागवानाला तिचं प्रेम नसतं असं नाही, पण कौलं बदलायला माणूस मिळत नाही हो हल्ली.

शिवाय कलमावर काहीच राहू द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. उजेड आत जायला हवा, फवारा सगळीकडे पोचायला हवा. काका चुकीचं सांगतायत, पण वेड्यासारखं सांगत नाहीत.

साळुंकी
काजू_बोंडू, मुंग्या तर आमरी नसली तरी आंब्यावर असतातच. हुमल्यांचं घर कधी पाहिलं नाहीत का?

काजू_बोंडू
पाहिलंय आणि अंगावर घेतलंयसुद्धा. पण एक त्रास आहे म्हणून दुसरा पाळायचा का?

सडा_पठार
काजू_बोंडू यांचा मुद्दा ओझ्यापुरता बरोबर आहे. काही वनस्पतिशास्त्रज्ञही अशा झाडांना 'रचनेपुरतं परजीवी' म्हणतात. रस घेत नाहीत, पण आधार, जागा आणि थोडा उजेड घेतात.

याच्याही पुढे जाऊन १९५३ मध्ये याकोबा रुइनेन या संशोधिकेने जावा बेटावरच्या बोगोरमधून एक मत मांडलं होतं. या झाडांच्या मुळांतली बुरशी आधाराच्या झाडात शिरून त्याला कमजोर करते, असं ते मत. त्यावर चर्चा पुष्कळ झाली, पण ते फारसं स्वीकारलं गेलं नाही. फांदी आधीच म्हातारी आणि खडबडीत असते म्हणून तिच्यावर आमरी जास्त दिसतात, हे साधं कारण बहुतेक ठिकाणी पुरतं. काकांना मोहर कमी दिसतो त्याचं कारणही हेच असावं. आमरी जुन्या, जाड, सावलीतल्या खांदीवर असते. मोहर येतो टोकाच्या, उन्हातल्या डहाळ्यांवर. आमरी नसती तरी त्या खांदीवर मोहर कमीच असता.

खळ्यातला
हे मोहराचं कधी डोक्यात आलं नव्हतं. खरंच ती खांदी आतल्या बाजूची आहे, विहिरीकडच्या अंगाची.

मृण्मयी_प
एक शंका. ही सीतेची वेणी की द्रौपदीची वेणी? आम्ही दर जूनला राधानगरीच्या बाजूला भटकतो. तिथले वाटाडे गुलाबी रुंद ओठाच्या आमरीला सीतेची वेणी म्हणतात आणि लांब पांढऱ्या तुऱ्याच्या आमरीला द्रौपदीची. आमच्या सोबतचे साताऱ्याचे काका बरोबर उलटं सांगतात. दोन्ही बाजू दरवर्षी भांडतात आणि भजी गार होतात.

सडा_पठार
दोघंही बरोबर, कारण गावागणिक नावं बदलतात. गुलाबी रुंद ओठाची ती एरिडीस मॅक्युलोसा. ती फक्त भारतात सापडते. फुलाच्या पाकळ्या गुलाबीसर, त्यावर जांभळे ठिपके, ओठ पसरट आणि गडद. वास छान आणि लगेच येणारा. पानं तशीच पट्ट्यांसारखी, त्यामुळे फुलाविना ओळखताना भले भले अडखळतात. ऱ्हिंकोस्टायलिसचा तुरा जास्त गच्च आणि दंडगोल असतो, आणि दोन फुलांमधून मागचं झाड दिसत नाही. भज्यांसाठी एवढी खूण पुरावी.

गोट्या७९
आणि हिला वास नसतो का?

सडा_पठार
मंद असतो.

मृण्मयी_प
मला तर कधीच आला नाही. नाक लावून बघितलंय, मुंगी चावली.

आजोबा_नागोठणे
सकाळी उन्हं वर यायच्या आत हुंगावं. दुपारी नाही येत.

ब्रह्मपुत्रा_काठी
नोकरीमुळे बरीच वर्षं आसामात जोरहाटला आहे, म्हणून राहवलं नाही. तुम्ही ज्याला बांडगूळ म्हणून उतरवायला निघालात ते इथलं राज्यफूल आहे! आसामीत 'कपौ फूल'. अरुणाचलनेही हेच राज्यफूल निवडलंय.

इथे ते तुमच्यापेक्षा आधी फुलतं, एप्रिलमध्ये. म्हणजे नेमकं बोहाग बिहूच्या सुमारास. बिहू नाचणाऱ्या मुली मुगा रेशमाची मेखला-चादर नेसतात आणि खोप्याला कपौचा तुरा गुंडाळतात. तुरा मुळातच वेणीसारखा असल्यामुळे ओवायला लागत नाही, आहे तसा खोप्याभोवती वळवला की झालं. बिहूच्या गाण्यांतही त्याचा उल्लेख सारखा येतो. प्रियकराने झाडावर चढून कपौ आणून द्यायचं, असा एकूण मामला असतो.

हल्ली मात्र रंगमंचावर बहुतेक खोप्यांत कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं कपौ दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हळहळलो होतो. आता वाटतं, झाडावरचं झाडावर राहतंय तर बरंच आहे.

आणि गंमत बघा, त्याच सुमारास इथल्या रस्त्यांवर आपलं राज्यफूल तामण फुलतं. त्याला हे लोक अजार म्हणतात. कपौसारखा मान काही त्याला नाही.

चिंचपोकळीचा_चतुर
म्हणजे प्रियकर झाडावर चढला तर गाणं, आणि राजापूरचे काका चढले तर धागा.

साळुंकी
😂 आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

सत्तरीकार
गोव्यातून हजेरी. आमच्याकडे सत्तरी तालुक्यात जुन्या आंब्या-फणसांवर ही भरपूर आहे. घराच्या मागच्या फणसावर आजीच्या वेळेपासून आहे आणि फणस अजून दणकून धरतो. काजू_बोंडू यांनी एकदा येऊन बघावं, काजूचा रसही मिळेल, हंगाम सांभाळून या.

हिच्या इतिहासात आमचाही थोडा वाटा आहे, तो कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. सतराव्या शतकात कोचीनला हेंड्रिक व्हान ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही त्या कामात होते. पहिल्या खंडात त्यांचं कोंकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे. चित्रांवर वनस्पतींची नावं दिली आहेत त्यांत नागरी लिपीही आहे.

त्या ग्रंथाच्या बाराव्या खंडाची सुरुवातच या आमरीच्या चित्राने होते. तिथे नाव आहे 'अंजेली मारावारा', म्हणजे अंजिलीच्या झाडावर वाढणारी. अंजिली म्हणजे आपला रानफणस. पुढे लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हिला एपिडेंड्रम रेटुसम असं नाव दिलं ते याच चित्राच्या आधारावर.

मृण्मयी_प
सत्तरीकार, दंडवत घ्या. यावर वेगळा लेख लिहा ना.

सडा_पठार
+१. पुरवणी म्हणून एवढंच : झाडावर वाढणाऱ्या जवळजवळ सगळ्याच आमऱ्या लिनिअस एपिडेंड्रममध्ये टाकत असे, कारण शब्दाचा अर्थच 'झाडावरचं'. युरोपात तेव्हा असली झाडं जिवंत क्वचितच पोचत, त्याच्यापुढे चित्रं आणि वाळलेले नमुनेच होते. १८२५ मध्ये जावात काम करणाऱ्या ब्लूमने ऱ्हिंकोस्टायलिस ही वेगळी प्रजाती केली. फुलाच्या मधल्या दांड्याला चोचीसारखं टोक असतं, त्यावरून हे नाव. त्या चोचीखाली परागांचे दोन मेणचट गोळे एका चिकट देठावर बसवलेले असतात. कीटक शिरला की गोळे अख्खेच त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. एकदा हुकलं तर फुलाचे सगळे पराग गेले.

वैद्यबुवा
थोडं अवांतर. पट्ट्यांच्या पानांची अजून एक आमरी आपल्याकडे पुष्कळ दिसते, व्हँडा टेसेलाटा. फुलं पिवळट-तपकिरी जाळीची, ओठ निळसर. देशाच्या काही भागांत तिची मुळं रास्ना म्हणून वापरतात. आपल्याकडे रास्ना म्हणून वेगळी वनस्पती मिळते. गावाकडे कोणी "ही रास्ना, सांधेदुखीवर उकळून घ्या" म्हणून कुठल्याही आमरीची मुळं दिली तर घेऊ नका. तुमचे सांधेही राहतील आणि आमरीही.

चिंचपोकळीचा_चतुर
वैद्यबुवा, आणि केस गळण्यावर?

वैद्यबुवा
नाव वेणी आहे म्हणून केसांवर चालत नाही. पुढचा प्रश्न.

गोट्या७९
मी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेची गॅलरी आहे. गावाहून हिच्या शेंगा आणल्या तर बिया कुंडीत पेरून येईल का?

सडा_पठार
नाही येणार, आणि का येणार नाही हे या सगळ्या कुळाचं सगळ्यात नवल आहे. बोंड वाळून फुटतं तेव्हा आतून बिया धुळीसारख्या उडतात. एका बोंडात हजारोंनी, काही आमऱ्यांत लाखोंनी. एवढ्या कशाला? कारण बीजात शिदोरीच नसते. आंब्याच्या बाठ्यात, तांदळाच्या दाण्यात रोपाला पुरेल एवढं अन्न असतं. आमरीच्या बियांत फक्त काही पेशींचा गर्भ आणि वर जाळीदार पातळ टरफल. वाऱ्यावर उडत दुसऱ्या झाडाच्या सालीवर पोचायचं तर वजन परवडत नाही.

तिथे पोचल्यावर नेमक्या जातीची बुरशी भेटावी लागते. ती बुरशी बीजात शिरते, पण बीच तिला खाऊन वाढतं. हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधून काढलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने दाखवलं की साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीशिवायही बी रुजतं. आज दुकानात दिसणारी बहुतेक सगळी ऑर्किड्स अशाच बाटल्यांतून वाढवलेली असतात. सिक्कीममध्ये पाकयोंगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे हेच काम चालतं.

त्यामुळे रानातल्या एका झाडाची किंमत लक्षात घ्या. तो तुरा डोळ्यासमोर यायला त्या धुळीतल्या एका कणाला योग्य साल, योग्य ओल, योग्य बुरशी आणि मग कितीतरी वर्षं मिळालेली असतात.

गोट्या७९
मग कुठून आणू?

साळुंकी
रस्त्याकडेला पोत्यात घेऊन बसतात त्यांच्याकडून अजिबात नाही! ती सगळी रानातून ओरबाडलेली असतात. राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडं काढणं गुन्हा आहे. देशाबाहेर नेणं-आणणं तर वेगळीच भानगड. आमरी कुळातली सगळीच झाडं सायटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, परवान्याशिवाय कस्टमवाले सोडत नाहीत. रोपवाटिकेतून प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप घ्या. मिळतात.

सिंगापुरी_पुणेकर
अगदी. मागे भारतात येताना बायकोने सासूबाईंसाठी रोप घेतलं होतं, ते विमानतळावरच सोडावं लागलं. इथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये १९२८ पासून ऑर्किडचे संकर करण्याचं काम चालू आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल व्हँडा मिस जोकिम हाही संकरच, १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल झालं. तुमची सीतेची वेणी श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेली आहे, त्यामुळे इकडच्या बागांत भेटली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. तिची थायलंडकडची थोरली बहीण ऱ्हिंकोस्टायलिस जायगँटिया जानेवारीच्या आसपास फुलते. वास इतका गोड की लांबूनच कळतं.

आजोबा_नागोठणे
आता कामाचं सांगतो. पावसाळ्यात वादळाने खांद्या मोडतात, त्यांच्यावरची आमरी खाली पडते. आपल्या आवारात पडलेली उचलायला कोणाची हरकत नाही, जमिनीवर राहिली तर कुजूनच जाते. मी गेली कित्येक वर्षं घराभोवतीच्या झाडांवर अशा बांधतो.

मातीत लावायची नाही. कुंडी नको, शेणखत नको. खरबरीत सालीचं झाड निवडायचं, म्हणजे आंबा, फणस, जांभूळ, ऐन यांपैकी काहीही. पेरूची साल गुळगुळीत आणि सुटणारी, तिथे ती धरत नाही. मेलेली, काळी पडलेली मुळं कापायची, पांढरी धट्टी मुळं ठेवायची. सकाळचं ऊन मिळेल अशा बाजूला, डोक्याच्या थोड्या वर, बुंधा सालीला टेकवून सुंभाने बांधायची. मागे नारळाच्या सोडणाचा पातळ तुकडा ठेवला तर ओल राहते. रोप थोडं तिरकं असावं, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साठत नाही. शेंड्यात पाणी राहिलं की कोंब कुजतो आणि मग काही उपाय नाही, कारण हिला एकच शेंडा.

आगोटीत बांधली की पावसाळाभरात मुळं धरतात. मुळांची टोकं हिरवी, चकचकीत दिसू लागली की समजायचं लागली. सुंभ आपोआप कुजतो, काढायला जाऊ नका. पहिली दोन वर्षं फूल नाही आलं तर नाराज व्हायचं नाही.

ब्रह्मपुत्रा_काठी
इथेही असंच करतात. अंगणातल्या सुपारीवर बांधलेली कपौ तर पुष्कळ घरांत दिसते. सुपारीची साल गुळगुळीत असूनही धरते, हे आजोबांच्या नियमात बसत नाही.

आजोबा_नागोठणे
तुमच्याकडे पाऊस किती! आमच्या सुपारीला पाणी पाटाचं, बुंध्याला कोरडं. तिकडे बुंधाच ओला राहत असणार. पण करून बघतो यंदा.

गोट्या७९
डोंबिवलीच्या गॅलरीत झाड नाही हो.

आजोबा_नागोठणे
मग जाड सालीचा लाकडाचा तुकडा किंवा लाकडी पट्ट्यांची टोपली टांगा. टोपलीत काही भरू नका, फार तर कोळशाचे दोन-चार तुकडे. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळांवर पाणी मारायचं, मुळं राखाडीची हिरवी होईपर्यंत.

काजू_बोंडू
धागा हायजॅक झालाय. खळ्यातला यांच्या झाडाचं काय झालं?

खळ्यातला
इथेच आहे, वाचत होतो. काल काकांशी बोललो. मोहर टोकाच्या डहाळ्यांवर येतो हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण रस पीत नाही वगैरे ते ऐकून घेणार नाहीत हे माहीत होतं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ता खरां." मग मुळाचं सांगितलं. म्हणाले चढल्यावर बघतो. आज फोन आला, सुटतं म्हणे नखाने.

ठरलं असं : रायवळावरची राहणार. कलमावर एक लहान रोप होतं ते काढून काकांनीच विहिरीजवळच्या जांभळाला बांधलं, मला विचारायच्या आधी. बांडगूळ मात्र सगळं जाणार.

काजू_बोंडू, तुमचा ओझ्याचा मुद्दाही सांगितला. कौलांवर आलेली एक खांदी वाळकीच आहे, ती उतरवतील. तिच्यावर आमरी नाहीये.

काजू_बोंडू
उत्तम. बांडगूळ काढताना फक्त त्याची पानं ओरबाडून सोडू नका, पुन्हा फुटतं. गाठीच्या खाली, बुंध्याच्या बाजूला हातभर अंतर ठेवून खांदी कापायची. आणि त्याला फळं धरायच्या आधी काढायचं. फुलटोच्या पक्षी ती चिकट फळं खातो आणि बी पुढच्या खांदीवर पुसून जातो. एका झाडावर ठेवलं तर सगळ्या आवाठात पसरतं. शेजाऱ्यांनाही सांगा, तुमच्या एकट्याने काढून उपयोग नाही.

साळुंकी
फुलटोच्याला बोल लावू नका, बिचारा पोट भरतो.

काजू_बोंडू
लावत नाही. बांडगुळाला लावतोय.

मृण्मयी_प
खळ्यातला, जूनमध्ये फुलली की फोटो टाकाच. ओठ नीट दिसेल असा जवळून एक आणि अख्ख्या तुऱ्याचा एक. राधानगरीचा वाद मिटवायचाय.

गोट्या७९
शेवटचा प्रश्न, मग पिडत नाही. ऑफिसात वाढदिवसाला ते दुकानातलं पांढरं ऑर्किड मिळालंय, फुलपाखरासारखी फुलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला. खरं का?

सडा_पठार
ते फॅलेनॉप्सिस. तेही मूळचं झाडावरचंच, आग्नेय आशियातल्या दमट रानांतलं. तिथे बर्फ पडत नाही. साधं पाणी घाला, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साठू देऊ नका, बहुतेक रोपं त्यानेच मरतात. आतली कुंडी पारदर्शक असेल तर मुळं बघा. चंदेरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा.

गोट्या७९
हिरवी आहेत. थांबतो.